पाच वर्षांच्या गॅपचं काय सांगू?

"मॅडम, गॅप आहे. इंटरव्ह्यूत काय सांगू?"

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी 14 वर्षं भरतीचं काम करतेय. रविवारी सकाळी घरीच नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींना भेटते. हा प्रश्न आला नाही असा रविवार मला आठवत नाही. विचारणारी बहुतेक मुलं परभणी, हिंगोली, बीड, जालन्याकडची. पदवी झाली, मग चार-पाच वर्षं एमपीएससीत गेली, आणि आता हातात पोस्टही नाही आणि अनुभवही नाही.

त्यातल्या एकाची गोष्ट त्याला विचारून लिहितेय. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदललेत. परभणी जिल्ह्यातलं गोदाकाठचं गाव, घरी कापूस आणि सोयाबीन. 2019 मध्ये बीएस्सी केमिस्ट्री झाला, 2024 च्या पावसाळ्यात माझ्याकडे आला. सोबत वडील. सकाळच्या मराठवाडा एक्स्प्रेसने दोघं आले होते. मुलगा खाली मान घालून बसला, बोलले वडीलच. "गावात रोज विचारतेत मॅडम, पोरगं काय करायलाय? काय सांगावं लोकांला?"

बटणाच्या फायलीतून मुलाने बायोडाटा काढला आणि मी चमकले. त्यात गॅप नव्हताच. एका औषध कंपनीत दोन वर्षं क्यूसी, म्हणजे गुणवत्ता तपासणीचा केमिस्ट, सोबत लेटरहेडवरचं अनुभवाचं सर्टिफिकेट. मी विचारलं, "तिथं कोणतं टायट्रेशन करायचास?" द्रावणाची तीव्रता मोजायची ही चाचणी क्यूसीत रोजची. तो गप्प. मग हळूच म्हणाला, "कन्सल्टन्सीवाल्यानं करून दिलं. 8,000 रुपये घेतले." वडिलांना हे ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा मला बघवला नाही.

मी रागावले नाही. पण हे नेमकं कसं पकडलं जातं ते सांगितलं. नेमणुकीच्या वेळी आम्ही यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, मागतो. पीएफच्या सर्व्हिस हिस्टरीत आधीच्या कंपनीचं नाव नसलं की त्या कंपनीला फोन जातो आणि तिथं सगळं उघड होतं. कधी रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी उघड होतं, आणि मग त्याच दिवशी घरी जावं लागतं. गॅप असलेली मुलं मी दरवर्षी घेते. खोटं सर्टिफिकेट आणलेला एकही मुलगा मला घेता आलेला नाही, मग तो कितीही हुशार असो.

"पण मग पाच वर्षं रिकामी दिसतील," तो म्हणाला.

रिकामी? मी त्याला एकेक वर्ष सांगायला लावलं. 2020 ची राज्यसेवा पूर्व एप्रिल 2020 मध्ये होती. कोरोनात पुढे ढकलत ढकलत ती झाली 21 मार्च 2021 ला. ते वर्ष काही त्याच्या आळसाने गेलं नव्हतं. पुढे संयुक्त पूर्व दोनदा निघाली, मुख्यला थोडक्यात राहिली. अभ्यासिकेची फी भरायला दहावीच्या मुलांच्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेतल्या. यातलं काहीही बायोडाटात नव्हतं.

मग त्याने पिशवीतून एक रजिस्टर काढलं, मी अभ्यास कसा करायचास असं विचारलं म्हणून. उभ्या रेघा मारून रकाने केलेले: तारीख, कोणती टेस्ट, चुकलेला प्रश्न, चुकण्याचं कारण. कारणंही ठरलेली: "माहीत नव्हतं", "घाई केली", "प्रश्न नीट वाचला नाही". शेवटच्या रकान्यात पुढच्या वेळी काय करायचं ते. तीन वर्षांच्या नोंदी, एकही टेस्ट सुटलेली नाही. औषध कंपनीचा गुणवत्ता विभाग दिवसभर हेच करतो: चूक नोंदवायची, कारण शोधायचं, ती पुन्हा होणार नाही असं बघायचं. हे रजिस्टर पिशवीत ठेवून तो विकतचं सर्टिफिकेट घेऊन फिरत होता, याचं मला फार वाईट वाटलं.

त्याला लॅबचा एक नियम सांगितला. नोंद चुकली तर व्हाइटनर लावायचं नाही. एकच आडवी रेघ मारायची, खालचं मूळ अक्षर वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख.

बायोडाटा आम्ही तिथेच नव्याने लिहिला. 2019 ते 2024 समोर स्पर्धा परीक्षेची तयारी, दोनदा पूर्व उत्तीर्ण, सोबत शिकवण्या. खरी मेहनत उत्तरावर घेतली. "गॅप का?" असं विचारणाऱ्याच्या मनात वेगळीच भीती असते: नवी जाहिरात आली की हा सोडून जाईल का? मी स्वतः मुलाखत घेताना तेवढंच बघत असते. म्हणून त्याला आधी स्वतःशीच ठरवायला सांगितलं की परीक्षा सोडली की नाही. त्याने वडिलांकडे पाहिलं. वडील म्हणाले, "तुझं तू ठरव बाबा, आम्ही काही म्हणत नाही." बराच वेळ गेला. मग "सोडली," म्हणाला, आणि डोळे पुसले. त्याआधी कुठलंही पाठ केलेलं उत्तर त्याच्या तोंडी खोटंच वाटलं असतं.

केमिस्ट्री मात्र गंजली होती. नॉर्मॅलिटी आणि मोलॅरिटीत तो गडबडला. गॅप माफ होतो, विषय विसरलेला माफ होत नाही. महिनाभर टायट्रेशन, पीएच, एचपीएलसीची तत्त्वं पुन्हा वाचायला लावली. त्याच वर्षी सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना 10,000 रुपये विद्यावेतन मिळत होतं, तिथंही नाव नोंदवायला सांगितलं.

दोन ठिकाणी नकार आला. एका ठिकाणी तर गॅप बघून पाच मिनिटांत उठवलं. असे लोक आहेत, ते नाकारत नाही. तिसऱ्या ठिकाणी, चिकलठाण्यात, क्यूसीच्या साहेबांनी ते रजिस्टर पानापानाने चाळलं आणि त्याला ट्रेनी म्हणून घेतलं.

दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला. "मॅडम, ब्युरेटचं रीडिंग चुकीचं लिहिलं गेलं काल. हात थरथरला माझा."

"मग?"

"एक रेघ मारली. सही केली, तारीख टाकली. साहेबांनी बघितलं, पुढं चला म्हणाले."