आंब्याभोवती गोल पार बांधायचाय, मध्ये झाड असताना माप कसं धरायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अंगणातल्या जुन्या आंब्याभोवती १२ फूट व्यासाचा, दीड फूट उंच, नऊ इंची विटांचा पार बांधायचा आहे. वर शहाबादी फरशी, आत मुरूम. मध्येच खोड असल्यामुळे दोरी कुठून धरायची ते कळत नाही. शिवाय एका थराला तुमच्या हिशेबाने १०० विटा लागतात आणि मिस्त्री ८८ सांगतो. खोडाचा घेर सव्वासहा फूट आहे हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत, कारण सगळं गणित तिथूनच सुरू होतं.

घेराला ३.१४ ने भागा. व्यास जवळजवळ २ फूट आला, म्हणजे त्रिज्या १ फूट. पाराची त्रिज्या ६ फूट हवी, त्यातला १ फूट खोडानेच व्यापलाय. म्हणून सालीपासून बाहेर ५ फूट मोजून पहिली खुंटी ठोका. आता एक नायलॉनची दोरी घ्या, खोड आणि खुंटी दोन्हींना मिळून एकच वेढा घाला आणि घट्ट गाठ मारा. खुंटी उपसून हातात धरा, दोरी ताणलेली ठेवा आणि फक्की टाकत झाडाभोवती चाला. दोरीची लांबी बदलत नाही, त्यामुळे खोड गोल असेल तर खुणही गोलच पडते. आंब्याचं खोड पूर्ण गोल क्वचितच असतं, म्हणून चारही दिशांनी समोरासमोरच्या खुणांमधलं अंतर पट्टीने ताडून बघा. खोड आडवं येतं तिथे पट्टी खोडाला घासून, बाजूने धरा. दोन-तीन इंचांचा फरक असेल तर डोळ्याला कळत नाही, त्याहून जास्त असेल तर तेवढीच खूण सरकवा.

२२/७ घ्यायचे की ३.१४, असंही तुम्ही विचारलंय. १२ फुटांच्या व्यासाला दोन्हींतला फरक अर्धा इंचही नाही. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त ३९२७/१२५० हा सूक्ष्म आणि २२/७ हा स्थूल, पण व्यवहारयोग्य, असे दोन्ही दिले आहेत. पाराला व्यवहारयोग्य पुरतो.

आता विटा. तुमचा मिस्त्री बरोबर आहे. तुम्ही बाहेरच्या परिघावरून मोजलंत: ३७.७ फूट, म्हणजे ४५२ इंच, भागिले साडेचार (चार इंच वीट, अर्धा इंच सांधा), म्हणून १००. पण एवढ्या छोट्या गोलात वीट तोंड (आखूड बाजू) बाहेर करून लावावी लागते. लांब बाजू बाहेर ठेवली तर गोलाई कोनाकोनाची, तुटक दिसते. तोंड बाहेर केलं की विटेचं आतलं टोक आतल्या वर्तुळावर बसतं, आणि तिथला व्यास साडेदहा फूट, परीघ ३३ फूट. ३९६ भागिले साडेचार, ८८. आत अर्ध्या इंचाचा सांधा ठेवला की बाहेर तोच एक इंचाच्या थोडा वर जातो. म्हणून गोल कामात विटा कमी लागतात आणि माल जास्त लागतो. वाळू-सिमेंट थोडं चढं धरा, आणि बाहेरचे सांधे भरताना विटेचे बारीक तुकडे दाबून बसवायला सांगा, नाहीतर तिथेच चिरा पडतात. साडेतीन इंचांचा एक थर धरून जमिनीवर पाच आणि जमिनीत एक, असे सहा थर: ५२८. तुटफूट धरून ५८० मागवा. फरशी आणि तिच्याखालचा माल मिळून उंची दीड फुटाच्या थोडी वर जाईल.

फरशी नऊ इंची भिंतीवर तेवढीच ठेवली तर बसता येत नाही. दोन्हीकडे तीन-तीन इंच बाहेर काढा, पट्टा सव्वा फुटाचा होईल: बाहेरची त्रिज्या सव्वासहा फूट, आतली पाच. त्याचं क्षेत्रफळ काढताना बहुतेक जण इथेच चुकतात: सव्वासहातून पाच वजा करून सव्वाचा वर्ग करतात, त्याला ३.१४ ने गुणतात आणि पाच चौरस फूट उत्तर आणतात. आधी दोन्ही त्रिज्यांचे वर्ग, मग वजाबाकी: ३९.०६ वजा २५, गुणिले ३.१४, बरोबर ४४ चौरस फूट. सोपी ताडणी हवी तर पट्ट्याच्या मधल्या रेषेचा परीघ (११.२५ गुणिले ३.१४) गुणिले रुंदी करा, तेच येतं. तुकडे पाचरीसारखे कापावे लागतात, म्हणून ५३-५५ फूट आणा.

व्यास आणि त्रिज्या यांची गल्लत मात्र अजिबात होऊ देऊ नका. सुरुवातीच्या काळात १० फूट व्यासाच्या फुलझाडांच्या वाफ्यासाठी मी त्रिज्येऐवजी व्यासाचाच वर्ग केला. चार इंच थराला पाव ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती पुरली असती, मी एक ब्रास उतरवून घेतली. मालकांच्या दारात महिनाभर ढीग पडून होता. तेव्हापासून मी कागदावर आधी त्रिज्या लिहितो, तिला गोल करतो, मगच पुढे जातो.

राहिला मुरूम. आतली त्रिज्या सव्वापाच, खोडाची एक. वर्गांची वजाबाकी गुणिले ३.१४, म्हणजे ८३ चौरस फूट. दीड फूट भराव, १२५ घनफूट, सव्वा ब्रास. पण तो मागवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि त्यांना हवा लागते. चोपलेला मुरूम ती हवा तोडतो, आणि बुंध्याशी ओल धरून राहिली की साल कुजते. झाड लगेच मरत नाही, दोन-चार वर्षांत शेंड्याकडून वाळत येतं, तोवर पाराचा कुणाला संशयही येत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते याच कारणासाठी. तुमची भिंत पाच फुटांवर आहे, ते छानच आहे. आतली जमीन तशीच राहू द्या. दोन इंच पालापाचोळा पसरा, तोही बुंध्यापासून हातभर लांब.

पायासाठी सलग चर खणू नका. एका थरापुरतंच खरवडा. मनगटाएवढं मूळ आडवं आलं तर तोडू नका. दोन्ही बाजूंना विटा थांबवा, वरून लांब दगड टाका आणि मुळाला वाढायला फट ठेवा. जमिनीवरच्या पहिल्या थरात दर चार फुटांना एक वीट सोडून द्या, ३७ फुटांत अशी नऊ भोकं होतील. पावसाळ्यात पाराच्या आत साचलेलं पाणी तिथूनच बाहेर पडेल.