“तू शिकून ये, पुढचं बघू” हे आधी कागदावर घ्या

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि बराच वेळ झोप लागली नाही. नोकरी सोडून एम.डिव्ह.ला (पाळक होण्यासाठीची पदव्युत्तर पदवी) प्रवेश घेतलाय, पहिलं सत्र सहा आठवड्यांवर आलंय, ग्रीक-हिब्रू या बायबलच्या मूळ भाषांची धास्ती वाटतेय, आणि ऑर्डिनेशनचं, म्हणजे पाळकपदाच्या दीक्षेचं, विचारल्यावर पाळकसाहेब म्हणाले, “तू शिकून ये, पुढचं आपण बघू.” हे शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, मला मात्र पूर्ण पोस्टमध्ये तेवढंच दिसलं. अकरा वर्षांपूर्वी मलाही हेच सांगितलं होतं, जवळजवळ याच शब्दांत, आणि त्यापायी माझी दोन वर्षं गेली.

पाचारण (देवाचं बोलावणं) कसं ओळखायचं, घरच्यांना कसं समजवायचं, हे सगळं तुमचं झालेलं असणार, त्यात मी जात नाही. थेट मुद्द्यावर येते.

डिग्री सेमिनरी (पाळक घडवणारं कॉलेज) देते, दीक्षा मंडळी, म्हणजे तुमचं चर्च, देते, आणि या दोघांची घड्याळं वेगवेगळी चालतात. वर्गात पहिल्या दिवशी बसलात की सेमिनरीचं घड्याळ सुरू होतं. मंडळीचं घड्याळ तुमचं नाव त्यांच्या सभेत ठरावाने नोंदलं जाईल त्या दिवशी सुरू होतं, त्याआधी नाही. उदाहरण म्हणून अमेरिकेतली प्रेस्बिटेरियन मंडळी घ्या, तिथे आधी जिज्ञासू आणि मग उमेदवार असे दोन टप्पे आहेत, दोन्ही मिळून किमान दोन वर्षं, त्यातलं किमान एक वर्ष उमेदवार म्हणून. तुम्ही तीन वर्षं शिकून पहिला नंबर काढलात तरी ही दोन वर्षं नोंदीच्या तारखेपासूनच मोजतात. कॅथलिकांकडे हा घोळ सहसा होत नाही, कारण 1563 साली बिशपांच्या ट्रेंट इथल्या परिषदेने सेमिनरी बिशपच्या अखत्यारीतच ठेवली, मुलाला धर्मप्रांत किंवा धर्मसंघच पाठवतो, म्हणजे दोन्ही घड्याळं एकाच भिंतीवर. बॅप्टिस्टांसारख्या मंडळ्यांत स्थानिक मंडळीच दीक्षा देते, तिथे अडचण वेगळी, एका ठिकाणची दीक्षा दुसरीकडे किती धरतात ही. तुमची मंडळी यातली कुठली ते तुम्ही लिहिलं नाहीये, म्हणून सगळंच सांगतेय. माझा स्वतःचा अनुभव एकाच मंडळीतला आहे, तुमची नियमावली स्वतः वाचा, माझ्या शब्दावर विसंबू नका.

आता माझं काय झालं ते. पाळकसाहेबांनी शिफारसपत्र दिलं, मनापासून दिलं, त्यांचा काहीच दोष नव्हता. ते पत्र आणि माझा अर्ज मी स्वतः वरच्या कार्यालयात नेऊन दिला. टेबलावरच्या माणसाने घेतला, वरवर चाळला, एका निळ्या फाईलखाली सरकवला आणि म्हणाला, “ठीक आहे, मीटिंगला ठेवतो.” मी पोच मागितली नाही. मला वाटलं देवाच्या कामाच्या ठिकाणी कसली पोच मागायची, बरं दिसत नाही. हीच माझी चूक, आणि ती मी आजही विसरू शकत नाही.

पुढची दोन वर्षं सत्र संपलं की फोन करायचे. “पुढच्या मीटिंगला आहे”, “समिती बदलली, नवीन सेक्रेटरी आलेत”, “तुम्ही अभ्यास करा, काळजी करू नका”. मी खरंच काळजी केली नाही. तिसऱ्या वर्षी इंटर्नशिपसाठी सेमिनरीने उमेदवारीच्या ठरावाची प्रत मागितली तेव्हा कळलं की ठरावच नाही. अर्ज कुठल्याच सभेपुढे गेला नव्हता. जुन्या सेक्रेटरीच्या ड्रॉवरमध्ये सापडला, निळी फाईलसुद्धा तीच. मी अर्ज दिला तीच तारीख धरायची विनंती केली, तर लेखी उत्तर आलं की आमच्या दप्तरी नोंद नाही, नोंद होईल त्या दिवसापासून मुदत धरली जाईल. चूक कुणाची यावर एक अक्षर नाही, दिलगिरीची एक ओळ नाही. ज्या माणसांनी दुसऱ्यांना क्षमा मागायला शिकवायचं त्यांनी असं वागावं याचा राग मला अजून आहे आणि तो मी लपवत नाही.

म्हणून सत्र सुरू व्हायच्या आधी एवढं कराच. अर्जाच्या दोन प्रती न्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्या, शिक्का नसेल तर निदान सही-तारीख. ईमेलनेही पाठवा. सभा कधी आहे ते विचारा, सभा झाल्यावर आठवड्याच्या आत इतिवृत्तातल्या ठरावाचा नंबर आणि प्रत मागा. “झालं, झालं” म्हणाले म्हणजे झालं नाही, नंबर मिळाला म्हणजे झालं. कुणी म्हणेल विश्वास नाही का तुमचा, तर शांतपणे सांगा की विश्वास आहे, समित्या बदलतात म्हणून कागद हवाय. मानसशास्त्रीय चाचणी आणि पार्श्वभूमी तपासणी बऱ्याच मंडळ्यांत लागते आणि त्यात महिने जातात, ती कधी करायची तेही अर्जासोबतच्या पत्रात विचारून घ्या.

सेमिनरीला मान्यता आहे म्हणजे तुमच्या मंडळीला ती चालते असंही समजू नका. एटीएस (अमेरिका-कॅनडातल्या सेमिनरींची संघटना) किंवा आशियात एटीए (तशीच संघटना) यांची मान्यता ही शैक्षणिक मान्यता. युनायटेड मेथडिस्टांची तर स्वतःची मान्य सेमिनरींची यादी असते, ती त्यांचं युनिव्हर्सिटी सेनेट ठरवतं. तुमच्या मंडळीची अशी यादी आहे का, ऑनलाइन शिक्षण किती चालतं, हेही लेखी घ्या. माझ्या वर्गातल्या एकाला शेवटच्या वर्षी कळलं की त्याच्या मंडळीला ठरावीक क्रेडिट प्रत्यक्ष वर्गातलेच हवेत.

सीपीई, म्हणजे हॉस्पिटलमधलं पाळकीय प्रशिक्षण, तुम्ही “नंतर बघू” म्हणताय. माझ्या मते पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या मधल्या सुट्टीतच करा, मात्र केंद्र मान्यताप्राप्त आहे का ते बघूनच. अमेरिकेतल्या एसीपीईचं (सीपीई केंद्रांना मान्यता देणारी संस्था) एक युनिट 400 तासांचं असतं, त्यातले किमान 100 तास गटातलं शिक्षण आणि सुपरव्हिजन, बाकी वॉर्डात. पुढे चॅपलेनचं (हॉस्पिटलसारख्या ठिकाणी काम करणारा पाळक) बोर्ड सर्टिफिकेशन हवं तर साधारण चार युनिट लागतात. ही पद्धत सुरू करणाऱ्यांतले अँटन बॉयसन स्वतः मनोरुग्णालयात रुग्ण म्हणून राहिलेले होते आणि 1925 मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर स्टेट हॉस्पिटलमध्ये धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांबरोबर कामाला लावलं. पुस्तकं वाचता तसं माणसालाही वाचा, असं त्यांचं म्हणणं.

ते म्हणजे काय हे मला व्हर्बेटिम लिहिताना कळलं. भेट संपल्यावर दोघांचं बोलणं आठवून, नाव-ओळख काढून, ओळीला ओळ लिहून सुपरव्हायझरला द्यायचं असतं. माझ्या दुसऱ्याच भेटीत एक म्हातारे गृहस्थ होते, भिंतीकडे तोंड करून पडलेले. ते म्हणाले, “तो पडदा जरा सरकवता का?” पुढच्या ओळीत मी 121वं स्तोत्र म्हणायला लागले होते, मग प्रार्थना, मग देव सोबत आहे वगैरे, पाऊण पान मीच. मला ती भेट फार छान झाली असं वाटत होतं. सुपरव्हायझरने कागदावर दुसरं काहीच लिहिलं नाही, पडद्याच्या ओळीभोवती पेन्सिलने गोल केला आणि विचारलं, “सरकवलात का?” नव्हता सरकवला. दुसऱ्या दिवशी गेले, पडदा बाजूला केला, खुर्ची ओढून बसले. ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

माझी सीपीईची दोन युनिटं त्या सक्तीने वाट बघण्याच्या दोन वर्षांत झाली. त्यावरून मला लोक सांगतात की बघ, उशीर झाला म्हणून तर हे मिळालं. मला हे पटत नाही. सीपीई मी तशीही केलीच असती, आणि ज्या मंडळीला त्या दोन वर्षांत पाळक नव्हता तिथली माणसं या हिशेबात कुणी धरतच नाही.

ग्रीक-हिब्रूचं: दोन्ही एकाच सत्रात घेऊ नका, एवढंच. बायबलच्या ग्रीक नव्या करारात 5,400 च्या आसपास वेगवेगळे शब्द आहेत, पण 50 किंवा जास्त वेळा येणारे साधारण 310-320 शब्द पाठ झाले की मजकुराचा सुमारे 80 टक्के भाग त्यातच येतो. या सहा आठवड्यांत लिपी आणि त्यातले पहिले शंभर शब्द करून टाका, रोज अर्धा तास, कार्डं करून. हिब्रूत मला क्रियापदांनी रडवलं, त्यावर माझ्याकडे काही युक्ती नाही. आणि नोकरी पूर्ण सोडलीच आहे तर आठवड्याचा एक दिवस वाचनाला नाही, झोपेला ठेवा, पहिल्याच वर्षी थकून परत गेलेले चांगले लोक मी पाहिलेत.

पण आधी ते पत्र. येत्या रविवारी उपासना झाल्यावर पाळकसाहेबांना गाठा आणि “पुढचं” म्हणजे नेमकं कुठल्या समितीकडे, कुठल्या तारखेला, ते विचारा. त्यांना वाईट वाटेल अशी भीती वाटतेय ना, मलाही वाटली होती, म्हणून तर मी गप्प बसले. अर्जासोबतच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे, हवा असेल तर मेसेज करा, तुमच्या मंडळीप्रमाणे बदलून घ्या. आणि ठरावाचा नंबर हातात आला की मला कळवा, मी वाट बघतेय.