पोस्टडॉक ते कंपनी: आधी व्हिसाचं गणित

तुमचा प्रश्न असा: पुण्यात भौतिकशास्त्रात पीएचडी झाली, आता अमेरिकेत कॉम्प्लेक्सिटीवर (अनेक घटकांच्या गुंतागुंतीच्या व्यवस्थांचा अभ्यास) पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन, करायचं आणि मग भौतिकशास्त्रज्ञ डॉइन फार्मरसारखं धंद्यात उतरायचं. जमेल का?

जमेल. पण फार्मर यांनी 1991 मध्ये लॉस अलामोसची प्रयोगशाळा सोडून नॉर्मन पॅकार्ड आणि जिम मॅगिल यांच्याबरोबर सांता फेत बाजारभावांचा अंदाज बांधणारी प्रेडिक्शन कंपनी काढली, तेव्हा व्हिसाची टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर नव्हती. तुमच्या असेल.

विद्यापीठ जे-1 (देवाणघेवाण कार्यक्रमाचा व्हिसा) देईल किंवा एच-1बी (नोकरीचा व्हिसा). जे-1 असेल तर 212(ई), म्हणजे मायदेशी दोन वर्षं राहण्याची अट, लागू होईल का ते ऑफरवर सही करण्याआधी विद्यापीठाला विचारा. लागू असेल तर दोन वर्षं भारतात राहिल्याशिवाय किंवा सूट मिळाल्याशिवाय एच-1बी नाही. ज्या देशांच्या ठरावीक कौशल्यांच्या लोकांना ही अट लागते त्या कौशल्य-यादीतून 9 डिसेंबर 2024 पासून भारत वगळला आहे, पण या देवाणघेवाणीसाठीच अमेरिकी किंवा भारत सरकारचा निधी मिळत असेल तर अट लागतेच.

विद्यापीठाचा एच-1बी लॉटरीविना मिळतो, आणि फसगत होते ती इथेच. तो कंपनीत चालत नाही. कंपनीने मार्चमध्ये नव्याने नाव नोंदवायचं, निवड झाली तर काम 1 ऑक्टोबरपासून. शिवाय तुमची पीएचडी भारतातली, म्हणून अमेरिकी विद्यापीठांच्या उच्च पदवीधरांसाठीच्या 20,000 च्या राखीव कोट्यात तुम्ही बसत नाही. फक्त दरवर्षीच्या 65,000 व्हिसांच्या सर्वसाधारण रांगेत. म्हणजे पोस्टडॉकची मुदत संपायच्या आधी नोंदणीचे दोन मार्च हाताशी राहतील, इतक्या लवकर कंपनी शोधायला लागा. जे-1 वरून एच-1बी वर स्थिती बदलायचा अर्ज चालू असताना लग्नाकार्यासाठी भारतात आलात तर तो बदल बाद होतो, आणि अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या सप्टेंबर 2025 च्या आदेशातलं एक लाख डॉलरचं शुल्क अंगावर येऊ शकतं.

आता कंपनीतली मुलाखत. ‘इमर्जन्स’ (साध्या नियमांतून आपोआप उभं राहणारं सामूहिक वर्तन) हा शब्द घरी ठेवा. साउथवेस्ट एअरलाइन्सच्या मालवाहतुकीचं उदाहरण नीट अभ्यासा. तिथले लोक पार्सल योग्य दिशेच्या पहिल्या विमानात टाकत, मग वाटेत ते उतरव, रात्रभर ठेव, पुन्हा चढव. कॉम्प्लेक्सिटीचे शास्त्रज्ञ स्टुअर्ट कॉफमन यांच्या बायोसग्रुप या सल्लागार कंपनीने केलेल्या मॉडेलमधून दिसलं, की थोडा वेळ चुकीच्या दिशेला जाणाऱ्या विमानातही माल तसाच राहू दिला तर चढउतार वाचते. कंपनी पैसे मोजते ते अशा एका बदललेल्या नियमाला.

ट्रेडिंगकडे जायचं असेल तर बॅकटेस्टमध्ये (जुन्या भावांवर मॉडेल चालवून बघताना) कमिशन, स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावातला फरक) आणि तुमच्याच ऑर्डरने हलणारा भाव धरा. कागदावर नफा दाखवणारी बरीच मॉडेलं तिथेच आडवी होतात.