एवढं मोठं झाड इतकी वर्षं कुणाला दिसलं कसं नाही?

तुमचा प्रश्न असा: वर्षावनात झाडाची नवी प्रजाती सापडली अशी बातमी दर वर्षी येते, पण बेडूक किंवा कोळी लपून राहणं समजू शकतं, आख्खं झाड कसं लपून राहील? आणि ते नवं आहे हे ठरवतं कोण?

मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. कॉलेजच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या नमुन्यांच्या कपाटांत, बरीच वर्षं गेली. तेवढ्या भांडवलावर उत्तर देतो.

लपलेलं नसतंच ते. ब्राझीलमधलं उदाहरण घ्या. तिथल्या अटलांटिक किनाऱ्याच्या जंगलात, एस्पिरितो सांतो राज्यातल्या लिन्यारेस गावाजवळ, एक झाड आहे. उंची 40 मीटरपर्यंत आणि अंदाजे वजन 62 टन. आपल्या बाभूळ-शिरिषाच्या गोतातलं. बाकीच्या जंगलाच्या वर डोकं काढून उभं असतं, म्हणजे न दिसायला कारणच नाही. तिथल्या लोकांनी त्याला नावही दिलं होतं, जुएराना-फाकांव. फाकांव म्हणजे कोयता. शेंगा लाकडासारख्या टणक, जवळजवळ अर्धा मीटर लांब, कोयत्याच्या म्यानासारख्या. तरीही शास्त्रात त्याची नोंद झाली 2017 साली, आणि तेव्हा माहीत असलेली झाडं होती फक्त 25 च्या आसपास. त्याच्या प्रजातीगणात, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, डिनिझियात, तोवर अ‍ॅमेझॉनमधलं एकच जात ठाऊक होती. आता या कोयतेवाल्याचं नाव डिनिझिया जुएराना-फाकांव. गावाचा शब्द उचलून शास्त्रीय नावात ठेवला, हे मला फार आवडलं.

मग अडतं कुठे? फुलापाशी. झाड ओळखायचं ते फुला-फळावरून. पानं फसवतात, उन्हातलं पान आणि सावलीतलं पान एकाच झाडाचं असून वेगळं दिसतं, रोपाचं तर तिसरंच. आणि सदाहरित रानात फूल येतं 25-30 मीटरवर, अनेकदा इवलंसं, हिरवट, आठ-दहा दिवसांचं पाहुणं, तेही दर वर्षी येईलच असं नाही. त्यातून काही जातींत नरफुलं एका झाडावर आणि मादीफुलं दुसऱ्यावर. आता विचार करा, आख्ख्या रानात तुमच्या झाडाचे वीस-पंचवीसच नग असतील, तर नरफूल, मादीफूल आणि पिकलेलं फळ असं तिन्ही हाती लागायला किती खेपा होतील. आमच्याकडे एक फांदी 'बिब्ब्यासारखं काहीतरी' एवढ्याच चिठ्ठीवर कित्येक पावसाळे पडून होती. शेवटी बुरशीने खाल्ली. चूक आमचीच, कागद वेळेवर बदलले नाहीत.

बिब्ब्यावरून आठवलं. आपला बिब्बा सगळ्यांना माहीत आहे: नारिंगी बोंडावर बसलेली काळी बी, तेल अंगाला लागलं की फोड. धोबी कपड्यांवर खूण करायला तेच वापरायचे, आणि सेमेकार्पस या त्याच्या शास्त्रीय नावाचा अर्थही 'खुणेचं फळ' असाच. हा बिब्बा कोरड्या पानगळी रानातला. पण याचा एक भाऊबंद चक्क पाण्यात पाय रोवून राहतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात, सिद्दापूर तालुक्यात, जोगच्या धबधब्यापासून फार लांब नाही, कत्तलेकान नावाचं रान आहे. कन्नडमध्ये कत्तले म्हणजे काळोख, कान म्हणजे सदाहरित राई. तिथे ओढ्याकाठी रानजायफळांची दलदल आहे. चिखलात मुळांना हवा मिळत नाही म्हणून ती गुडघा दुमडल्यासारखी वर येतात आणि पुन्हा खाली जातात. त्या दलदलीतलं बिब्ब्याचं झाड वेगळं आहे हे दासप्पा आणि स्वामिनाथ या अभ्यासकांनी 2000 साली प्रसिद्ध केलं: सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस. अतिदुर्मिळांतलं अतिदुर्मिळ. आमच्या बाजूलाही अशा दलदलीचे तुकडे उरलेत, गोव्यात सत्तरीतली निरंकाराची राई आणि सिंधुदुर्गात दोडामार्गचं बांबर्डे. बहुतेक देवाच्या धाकाने वाचलेत. बांबर्ड्याला 2021 मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

'नवं आहे' हे ठरतं मात्र रानात नाही, टेबलावर. वाळलेलं फूल उकळत्या पाण्यात टाकायचं. पाच मिनिटांत ते मऊ होऊन उमलतं (इतकी वर्षं करूनही दर वेळी गंमत वाटायची). मग भिंगाखाली सुईने पाकळ्या उलगडायच्या, पुंकेसर मोजायचे, लव कुठे आहे, देठ किती, सगळं मिलिमीटरमध्ये लिहायचं. आणि मग खरा कंटाळवाणा भाग: जवळच्या प्रत्येक जातीच्या जुन्या नमुन्यांशी ताडून पाहायचं. पश्चिम घाटातला बिब्बा असेल तर साधा बिब्बा, त्रावणकोरी बिब्बा, ऑरिक्युलाटा, सगळे समोर हवेत. एका खुणेने फरक पडला तर कुणी विचारत नाही. दोन-तीन खुणा एकत्र, प्रत्येक नमुन्यात टिकून दिसायला हव्यात. मग एक शीट, म्हणजे नमुना चिकटवलेला कागद, 'होलोटाइप' म्हणून नेमायची आणि ती कुठल्या हर्बेरियममध्ये ठेवली ते छापायचं. नाव त्या एका शीटला कायमचं बांधलेलं. वेगळेपणाचा मजकूर 2011 पर्यंत लॅटिनमध्येच लागायचा. 2012 पासून इंग्रजी चालतं. लॅटिन लिहिताना आमच्यातल्या भल्याभल्यांना घाम फुटायचा, त्यामुळे कुणाला वाईट वाटलं नाही.

ठरवणारं मंडळ वगैरे काही नसतं. नियम पाळून छापलं की नाव वैध. पुढे दुसऱ्याने 'हे जुनंच आहे' असं दाखवून दिलं तर नाव मागे पडतं, आणि तसं पुष्कळदा होतं.

कधीकधी फूल-फळ हाती असूनही गाडी अडते. पेरू देशातल्या मानू राष्ट्रीय उद्यानात वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबिन फॉस्टर यांनी 1973 मध्ये कागदी आकाशकंदिलासारखी नारिंगी फळं असलेलं एक लहानसं झाड गोळा केलं. कुठल्या कुळात बसवायचं तेच कळेना. शेवटी डीएनए काढल्यावर पत्ता लागला आणि 2021 मध्ये नाव मिळालं: एनिग्मानू, मानूचं कोडं. जवळजवळ पन्नास वर्षं.

तुम्ही घाटात फिरताना अनोळखी झाड दिसलं तर नुसत्या खोडाचा किंवा आख्ख्या झाडाचा फोटो पाठवू नका, त्यातून काही कळत नाही. पानाची मागची बाजू, फुलाची पुढची आणि कडेची बाजू, फळ चिरून आतलं, शेजारी मोजपट्टी किंवा नाणं. खाली पडलेली फुलं उचललीत तरी चालतील, पण ती त्याच झाडाची आहेत ना ते वर पाहून खात्री करा. आणि पान तोडल्यावर चीक काळा पडू लागला तर तिथेच थांबा. ही काळजी मी एकदा घेतली नव्हती. मनगटावरचा डाग अजून आहे.