‘रक्त कमी आहे’ एवढ्यावर थांबू नका: वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेले बहुतेक प्रश्न रक्ताचेच आहेत, म्हणून तेच एकत्र घेतेय.

प्रश्न: मुलगी १९ वर्षांची. वर्षभर लोहाच्या गोळ्या चालू आहेत, बीट, खजूर, पालक सगळं करून झालं, तरी हिमोग्लोबिन १०.६ च्या वर जात नाही. (उल्हासनगर)

ताई, रिपोर्टचा फोटो पाठवलात ते फार बरं केलंत, उत्तर त्यातच आहे. हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळी सहसा कुणी वाचतच नाही. तिचा एमसीव्ही (तांबड्या पेशीचं सरासरी आकारमान) ६१ आहे, म्हणजे तांबड्या पेशी खूपच लहान (८० ते १०० असायला हवा), पण पेशींची संख्या बघा, ५६ लाख! लोह कमी असतं तेव्हा पेशी बनवायला मालच पुरत नाही, म्हणून पेशी लहानही होतात आणि बहुधा कमीही पडतात, इथे मात्र लहान आहेत पण भरपूर आहेत. ६१ ला ५.६ ने (५६ लाख म्हणजे ५.६ दशलक्ष) भागलं तर ११ च्या आत येतं, आणि हा आकडा १३ च्या खाली आला की पहिला संशय थॅलेसेमिया मायनरचा. अजून संशयच हां, खात्री एचबीए२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) च्या तपासणीने होते, तो साडेतीन टक्क्यांच्या वर असला तर मायनर. सोबत फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) नक्की करा, कारण लोह खूप कमी असेल तर एचबीए२ खोटाच नॉर्मल दिसू शकतो.

मायनर निघालं तर घाबरायचं काही नाही, तो आजार नाही, आईवडिलांपैकी एकाकडून आलेला एक सदोष जीन आहे आणि ती आयुष्यभर ठणठणीत राहील. फेरिटिन चांगलं असेल तर लोहाच्या गोळ्या मात्र बंद, उगाच लोह साठत जातं. सिंधी, पंजाबी, कच्छी घरांमध्ये याचं प्रमाण जास्त असतं पण बाकीच्यांनीही आपल्यात नसतं असं धरून चालू नये. आणि लग्न ठरवताना मुलाची तपासणी कराच, कारण दोघंही मायनर असतील तर प्रत्येक बाळाला मेजर असण्याची शक्यता २५ टक्के, आणि मेजर म्हणजे दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं, तेही जन्मभर.

प्रश्न: मी एएस पॅटर्न, जिच्याशी लग्न ठरलंय तीही एएस. घरचे म्हणतात सोयरीक मोडा. आम्हाला तर काहीच त्रास नाही. (गोंदिया)

त्रास नाही कारण तुम्ही सिकलसेलचे वाहक आहात, पेशंट नाही: एएस म्हणजे एक जीन साधा (ए) आणि एक सिकलसेलचा (एस). आजार होतो एसएसला, म्हणजे दोन्ही जीन सिकलसेलचे असले तर. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन येतं, बदल फक्त तेवढाच, पण ऑक्सिजन कमी पडला की ती पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिनीत अडकते आणि हाडांमध्ये असह्य कळा सुरू होतात. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही १०-२० दिवसांतच मरते, म्हणून फिकटपणा आणि डोळे पिवळे.

आता तुमचं. प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एएस ५० टक्के आणि एए २५ टक्के. हा हिशोब प्रत्येक वेळी नव्याने सुरू होतो, पहिलं एसएस झालं म्हणजे पुढची तीन सुटली असं अजिबात नाही, आणि या गैरसमजातून एकाच घरात दोन-दोन एसएस मुलं झालेली मी बघितली आहेत, फार वाईट वाटतं. लग्न करायचं की नाही हे तुम्हा दोघांनी ठरवायचं, घरच्यांनी नाही. पण केलंत तर दिवस राहिल्याबरोबर डॉक्टरांना दोघांचाही पॅटर्न सांगा, ११-१२ आठवड्यांच्या सुमाराला वारेचा छोटा तुकडा तपासून बाळाचा पॅटर्न कळतो. तीन महिने उलटून गेल्यावर येऊ नका. आणि बाळ एसएस असेल तरी आता हायड्रॉक्सीयुरियासारखं औषध आहे, त्याने कळांचे झटके खूप कमी होतात.

प्रश्न: मिस्टरांचं रक्त कायम ओ पॉझिटिव्ह सांगितलं गेलं. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्तपेढीने बॉम्बे ग्रुप म्हटलं. माझा ए, मुलीचा एबी, त्यावरून सासरी मला नको ते ऐकावं लागलंय. (सातारा)

हे उत्तर सासरच्यांना मोठ्याने वाचून दाखवा. ए आणि बी या तांबड्या पेशीवरच्या खुणा, दोन्ही एच नावाच्या पायावर बांधल्या जातात. बॉम्बे ग्रुपच्या माणसात तो एचच बनत नाही, त्यामुळे अंगात बीचा जीन असला तरी तो पेशीवर दिसत नाही आणि साध्या तपासणीत रक्त ओ भासतं. मुलीला बाबांकडून तो लपलेला बी मिळाला, तुमच्याकडून ए आणि चालू स्थितीतला एच, झाली एबी. तुमच्यावर संशय घ्यायला काडीचाही आधार नाही.

हा ग्रुप १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत शोधला म्हणून हे नाव, आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक. मिस्टरांना ओचं रक्तही चालत नाही हे लक्षात ठेवा, कारण ओ पेशींवर एच भरपूर असतो आणि त्यांचं शरीर त्यावर तुटून पडेल, जिवावर बेतू शकतं. फक्त बॉम्बेच. पाकिटात तसं कार्ड ठेवायला सांगा, सख्ख्या भावंडांची तपासणी करा (प्रत्येकाला २५ टक्के शक्यता), आणि ऑपरेशन ठरवून करायचंय तर स्वतःचंच रक्त आधी काढून ठेवता येईल का ते सर्जनला विचारा.

प्रश्न: भावाला मलेरियाच्या गोळ्या दिल्यावर लघवी कोऱ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे. लिव्हर गेलं का? (पेण)

लिव्हरही तपासतीलच, पण प्रायमाक्विन (मलेरियाचंच एक औषध) दिलं असेल तर पहिला विचार जी६पीडी कमतरतेचा. हे एन्झाइम तांबड्या पेशीला काही औषधांच्या माऱ्यापासून वाचवतं, ते कमी असेल तर पेशी भराभर फुटतात. हा दोष एक्स क्रोमोझोमवर असतो, आईकडून येतो आणि मुलग्यांमध्ये जास्त दिसतो. गोळी पुन्हा देऊ नका, आजच दवाखान्यात न्या. आत्ता जी६पीडीची तपासणी नॉर्मल आली तरी विश्वास ठेवू नका, म्हाताऱ्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि नव्या पेशींत एन्झाइम बऱ्यापैकी असतं, म्हणून तीन महिन्यांनी परत करा. कपाटातल्या डांबरगोळ्यासुद्धा घरातून काढून टाका, त्यांनीही पेशी फुटू शकतात.

प्रश्न: वय ५८, शाकाहारी, डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू. तळपायाला मुंग्या, एमसीव्ही ११२. (पुणे)

बी१२ तपासा, याच आठवड्यात: एमसीव्ही १०० च्या वर म्हणजे पेशी मोठ्या झाल्यात, आणि शाकाहार व मेटफॉर्मिन दोन्हींमुळे बी१२ कमी पडू शकतं. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेऊ नका, त्याने हिमोग्लोबिन वर येतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. मेटफॉर्मिन मनाने बंद करायची नाही, बी१२ कमी आलं तर इंजेक्शन घ्यायचं की गोळी ते डॉक्टर सांगतील.