वर्गणीतून बांधलेला गतिरोधक आणि दारी आलेली नोटीस

आपल्या पत्राचा आशय असा : शाळेला निघालेली एक मुलगी गल्लीत भरधाव दुचाकीखाली येता येता वाचली, नगरपरिषदेकडे केलेले दोन अर्ज तसेच पडून राहिले, म्हणून रहिवाशांनी वर्गणी काढून, नगरसेवकांच्या तोंडी होकारावर, सिमेंट-खडीचा नऊ इंच उंच व दोन फूट रुंद गतिरोधक बांधला. तिसऱ्याच आठवड्यात रात्री त्यावरून एक दुचाकीस्वार पडला, त्याच्या खांद्याचे हाड मोडले आणि आता चार लाख रुपयांच्या भरपाईची नोटीस आली आहे. हेतू चांगला असताना आम्ही दोषी कसे, असे आपण विचारता.

आपली काळजी खरी होती, हे मला पूर्ण मान्य आहे. परंतु भारतीय न्याय संहितेचे कलम १२५ हेतू पाहत नाही, निष्काळजीपणा पाहते. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत ठरते आणि त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. रस्ता नगरपरिषदेचा आहे. नगरसेवकांचा तोंडी होकार ही परवानगी नव्हे, आणि मागील तारखेचे पत्र मिळवण्याचा विचार तर कृपया मनातही आणू नका.

आपल्या विरोधात सर्वांत जड जाईल ते मोजमाप. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने १९८८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत गतिरोधकाची उंची १० सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर आहे, म्हणजे चाक हळूहळू चढते व हळूहळू उतरते. त्यावर काळे-पांढरे पट्टे आणि त्याच्या आधी काही अंतरावर सूचनाफलकही अपेक्षित आहे. आपला उंचवटा याच्या दुपटीहून उंच, रुंदीने जेमतेम साठ सेंटीमीटर आणि रात्री न दिसणारा. तो वेग कमी करत नाही, चाकाला आडवा येतो. दुचाकीस्वाराचा वेग जास्त होता हे सिद्ध झाले, तर भरपाईची रक्कम कमी होईल. आपली जबाबदारी मात्र पुसली जाणार नाही.

रागाच्या किंवा भीतीच्या भरात तो रातोरात फोडू नका, कारण पुरावा नष्ट केल्याचा आरोप येऊ शकतो. आजच दोन त्रयस्थ व्यक्तींसमक्ष मोजमाप व छायाचित्रे घ्या, लगेच त्यावर चमकणाऱ्या पट्ट्या व दिवा लावा आणि पंचनामा करून तो काढावा, असे मुख्याधिकारी व पोलीस ठाणे यांना लेखी कळवा. नोटिशीला मुदतीत, वकिलामार्फत आणि सर्व वर्गणीदारांचे एकच उत्तर द्या.

मुलांच्या सुरक्षिततेची मागणी मात्र सोडू नका. त्याच पत्रात मानकांनुसार गतिरोधक मागा आणि आधीच्या दोन्ही अर्जांच्या पोचपावत्या जोडा. तरीही दखल घेतली गेली नाही, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, सार्वजनिक उपद्रव दूर करण्याविषयीच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून पाहता येईल. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील याच स्वरूपाच्या कलम १३३ खाली नगरपालिकेला तिचे कर्तव्य करायला लावता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सांगितले आहे. ते प्रकरण गटारांचे व सार्वजनिक आरोग्याचे होते. तेव्हा रस्त्यावरील धोका किती गंभीर आहे, हे तारीखवार नोंदींनी आपल्यालाच दाखवावे लागेल.