किमी/तासचे मी/से करताना ५/१८ ने गुणायचे की १८/५ ने? आणि २ तास १५ मिनिटे म्हणजे २.१५ तास का?

५/१८ ने गुणायचे (किंवा सरळ ३.६ ने भागायचे), आणि २ तास १५ मिनिटे म्हणजे २.१५ नव्हे, २.२५ तास. ५/१८ पाठ करण्याचीही गरज नाही: १ किमी म्हणजे १००० मीटर, १ तास म्हणजे ६० × ६० = ३६०० सेकंद, आणि १०००/३६०० ला संक्षिप्त रूप दिले की ५/१८ च उरते. म्हणून ७२ किमी/तास = ७२ × ५/१८ = २० मी/से. अपूर्णांक उलटा धरला तर २५९.२ येतात, म्हणजे गाडीचे विमानच झाले! मी/से मधला आकडा नेहमी लहान यायला हवा, एवढे पाहिले तरी चूक सापडते.

वेळेची चूक मात्र लपून राहते. दशांश चिन्हापुढे दहावे-शंभरावे भाग असतात, मिनिटे नाहीत. म्हणून १५ ला ६० ने भागा, ०.२५ येईल. ९० किमी अंतराला २.२५ तास धरल्यास चाल ४० किमी/तास, २.१५ धरल्यास सुमारे ४१.९. उत्तर पटण्याजोगे दिसते, म्हणून शंकाच येत नाही.

फक्त त्वरण (वेग बदलण्याचा दर) किमी/तास² मध्ये दिले असेल तर ५/१८ चालणार नाही. तिथे १००० ने गुणून ३६०० ने दोनदा भागावे लागते.